झाकणाच्या जोडावरचं कुंकू

कॉम्प्युटर दुरुस्तीत मला वीसेक वर्षं झाली. किळस यावी असं या धंद्यात पुष्कळ आहे, कीबोर्डच्या फटीतल्या केसांपासून पॉवर सप्लायमध्ये वाळून गेलेल्या पालीपर्यंत, पण त्याचं मला काही वाटत नाही. मला खरी किळस येते ती एका प्रश्नाची. ‘शेवटी हात कोणी लावला होता?’ सानपाड्यातला दवाखाना असो की कोपरखैरण्यातला क्लास, मशीन बंद पडलं की आधी हा प्रश्न विचारला जातो, मग कोणाकडे तरी बोट दाखवलं जातं आणि त्यानंतर मला फोन येतो. मी पोचेपर्यंत गुन्हेगार ठरलेला असतो. माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो.

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या पुठ्ठ्याच्या कारखान्यातून फोन आला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मालक स्वतः बोलत होता. “लवकर या जरा. कटिंगचा पीसी गेला. कोणी घालवला तेही कळलंय.”

त्या कारखान्यात खोकी बनतात. खोक्याचा नमुना आधी एका मोठ्या टेबलावर कापतात. वरून सुरी फिरते आणि तिने कुठे वळायचं ते शेजारचा कॉम्प्युटर सांगतो. टेबल बनवणारी परदेशी कंपनी कधीच बुडाली, प्रोग्रामची सीडी कोणीतरी हरवली, त्यामुळे तो प्रोग्राम फक्त त्या एका हार्ड डिस्कवर उरला होता. आणि चालायचा तोही जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच, जिच्या पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ असायचं. ज्यांनी आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर सायबर कॅफेत पाहिला, त्यांना ती टेकडी आठवत असेल.

टेबल चालवणारा ऑपरेटर मोरा गावचा, उरणच्या धक्क्याजवळच्या कोळीवाड्यातला. टेबल आलं त्या दिवसापासून त्यावर तोच. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मी त्याला काका म्हणायचो आणि तो मला सर. वयाने मी लहान असून सर, कारण माझ्या खिशाला पेन होतं आणि त्याच्या अंगावर पुठ्ठ्याचा भुसा.

मी पोचलो तेव्हा तो गेटपाशी वॉचमनच्या स्टुलावर बसला होता. नुसता बसला होता. आत जायचं नाही असं त्याला सांगितलं होतं.

मालकाने मला फोनवरचा फोटो दाखवला. खंडेनवमीची पूजा. टेबलाला झेंडूच्या माळा, कॉम्प्युटरच्या डब्यावर ओलं कुंकू, आणि पुढे खुद्द मालक नारळ फोडतोय, पाण्याचा फवारा थेट टेबलाच्या पायावर. ऑपरेटर कोपऱ्यात, हातात हळदकुंकवाचं तबक. “बघा,” मालक त्या तबकावर बोट ठेवून म्हणाला, “ओलं कुंकू आत गेलं. शॉर्ट झालं. दरवर्षी सांगतो, मशीनला पाणी लावू नका.”

स्वतःच्या हातातला नारळ त्याला दिसत नव्हता. एखाद्या माणसाच्या डोळ्यांची इतकी सोय कशी असते, मला कळत नाही.

“तुम्ही फक्त रिपोर्टमध्ये लिहा, ऑपरेटरच्या चुकीमुळे पाणी गेलं,” तो म्हणाला. “बाकी मी बघतो. जुना माणूस, जुनं मशीन, डोक्याला नुसता ताप झालाय.”

म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर. माणूस नकोच होता, निमित्त मिळालं होतं. अठ्ठावन्नाच्या उंबरठ्यावर, अंगावर असला डाग घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला या पट्ट्यात दुसरं कोण ठेवणार? मी मनातल्या मनात मालकाला चार शिव्या दिल्या, पिशवीतून पेचकस काढला आणि डब्यापुढे उकिडवा बसलो. इथवर मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

डब्याचं बाजूचं झाकण आणि वरचा पत्रा जिथे मिळतात, त्या जोडावर कुंकू होतं. टिळा लावावा तसं नाही. जोडावरून आडवं ओढलेलं जाडसर बोट, अर्धं झाकणावर, अर्धं वरच्या पत्र्यावर. वरचा थर परवाचा, लालभडक. त्याखाली विटकरी. त्याखाली जवळजवळ काळा. देवाचं पुसायचं नसतं, म्हणून दर दसऱ्याला जुन्यावर नवं लावलेलं. तीन दसऱ्यांचं कुंकू वाळून त्या जोडावर सिमेंटसारखं बसलं होतं. मी झाकण ओढलं, ते कड्कन तुटलं आणि त्याची खपली माझ्या बुटावर पडली.

त्या कारखान्याचं वार्षिक मेंटेनन्स माझ्याकडे होतं. दर तीन महिन्यांनी जायचं, प्रत्येक कॉम्प्युटर उघडून साफ करायचा, छापील तक्त्यात खुणा करायच्या, खाली सही. ‘कॅबिनेट उघडून आतील तपासणी केली’ या रकान्यात माझी बरोबरची खूण होती. दर वेळी. शेवटची दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी. आणि हे झाकण जर या तीन दसऱ्यांत एकदा तरी उघडलं असतं, तर हे कुंकू अखंड राहिलंच नसतं.

मी काय करायचो ते सांगतो. ब्लोअर काढायचो, बाहेरच्या जाळीतून दोन मिनिटं वारा मारायचो, धुरळा उडाला की काम दिसायचं. मग मालकाच्या केबिनमध्ये चहा. मग सही. धंद्यातले सगळेच असं करतात, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की त्यात काही लपवण्यासारखं आहे हेही विसरलो होतो.

आत पुठ्ठ्याच्या भुशाची गोधडी झाली होती, बोटभर जाड. तिच्यात दोन झुरळं, एक मेलेली पाल आणि तिची अंडी. भुशाने पंखा जाम. मदरबोर्डावरचे कपॅसिटर, ती छोटी नळकांडी, डोक्यावर फुगलेली, चारांतून तपकिरी चिकट पाझर वाळलेला. हे एका दिवसात होत नाही. वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि उघडून बघणाऱ्याला ते लांबूनही दिसतं. कुंकवाचा आत एक कणसुद्धा नव्हता. पाण्याचा डाग नव्हता. जोड इतका घट्ट लिंपलेला होता की तिथून काही आत जाणं शक्यच नव्हतं.

म्हणजे ज्या कुंकवावरून ऑपरेटरला काढायचं होतं, तेच कुंकू तो निर्दोष असल्याची साक्ष देत होतं. आणि दोषी कोण तेही सांगत होतं. मी खपली उचलून खिशात टाकली. पुरावा म्हणून नाही. कोणी बघू नये म्हणून.

मग मी स्वतःशी एक सोयीचा विचार केला. मशीन चालू झालं की मालक थंड होईल. कोणालाच काही लिहून द्यावं लागणार नाही. काका वाचतील, मीही वाचेन. फक्त ती जुनी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर उठवायची. मालकाला सांगितलं, आधी चालू करतो, मग रिपोर्टचं बघू.

त्याने माझ्या येण्याआधीच एक कोराकरकरीत पीसी मागवून ठेवला होता, जेवणाच्या डब्याएवढा, काळा, चकचकीत. नवं आहे म्हणजे चालणारच, असा सगळा विश्वास. त्या डब्याला जुन्या पद्धतीने सुरू होणं ठाऊकच नव्हतं. जुनी डिस्क लावली तर त्याने ती ओळखलीच नाही, आणि सेटिंगमध्ये तशी सोयही ठेवलेली नव्हती. इतक्या महागड्या वस्तूने इतकं माजोरी असावं याचा मला संताप आला. दुसऱ्या दिवशी सानपाड्यातल्या एका बंद झालेल्या ऑफिसातून आठ-नऊ वर्षांचा एक पीसी आणला. त्या टेकडीच्या मानाने तोही बराच नवा, पण निदान जुन्याशी बोलायची तयारी असलेला, आणि टेबलाची केबल लागेल असं नऊ पिनांचं भोक मागे असलेला.

मूळ डिस्कवर काही बदलायचं नाही, हा नियम. तिची दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल काढली आणि ती लावली. निळा पडदा क्षणभर चमकला, कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुन्हा निळा, पुन्हा पहिल्यापासून. हे अपेक्षित होतं. डिस्कशी बोलायची नवी पद्धत त्या बिचाऱ्या जुन्या सिस्टिमला येत नव्हती. सेटिंगमध्ये जाऊन जुनी पद्धत निवडली. आता लोगो आला, खालची पट्टी सरकायला लागली, आणि सरकता सरकता थांबली. पंखा चालू, दिवा चालू, पट्टी गोठलेली. दहा मिनिटं बघत बसलो. बंद करून चालू केला. पट्टी बरोबर त्याच जागी थांबली.

पुढचे दोन दिवस मी काय काय केलं त्याची यादी देत नाही. रॅम अर्धी काढली, यूएसबीचं सगळं उपटलं, प्रोसेसरचे भाग बंद केले. प्रत्येक वेळी ती पट्टी, त्याच जागी. केबिनमधून मालक दर तासाने डोकवायचा. “झालं?” म्हणायचा आणि उत्तर ऐकायच्या आधी जायचा. गेटवर काका बसलेले. दिवसभर बसवून ठेवायचं, घरीही जायला सांगायचं नाही आणि कामही द्यायचं नाही, ही मालकाची पद्धत.

शेवटी सेफ मोड लावला. त्यात लोगो दिसत नाही, तर सिस्टिम उठताना एकेक भाग हाकारते त्यांची नावं पडद्यावर ओळीने उतरत जातात. नावं सरसर आली आणि एका नावावर थांबली. मी ते नाव इंटरनेटवर शोधलं. जगभरच्या लोकांची पट्टी त्याच नावावर थांबलेली, आणि सगळ्यांचा सल्ला एकच, हाच गुन्हेगार, याला उडवा. मी उडवला. पुन्हा चालू केला तर यादी त्याच्या आधीच्या नावावर थांबली.

मी खुर्चीत मागे टेकलो आणि मला माझीच शिसारी आली. साधी गोष्ट होती. पडद्यावर जे शेवटचं नाव दिसतं, त्याचं काम झालेलं असतं, म्हणून तर ते दिसतं. अडकलेला असतो त्याच्या पुढचा, ज्याचं नाव अजून आलेलंच नाही. शेवटी हात कोणी लावला होता, हाच तो प्रश्न, आणि वीस वर्षं त्याला शिव्या घालणारा मी तोच विचारून एका निरपराध फाइलीला उडवून बसलो होतो. आणि बाहेर गेटवर स्टुलावर एक शेवटचं नाव बसलं होतं. त्याच्या पुढचं नाव कोणाचं, ते मला चांगलं माहीत होतं.

जुन्या डिस्कवर, सगळं नीट चालत असतानाची, सिस्टिम उठतानाच्या नावांची एक यादी पडून होती. माझ्या लॅपटॉपला डिस्क लावून ती वाचली. पहिल्यांदा जिथे थांबलं होतं त्या नावाच्या पुढे जुन्या मदरबोर्डाच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर होता. जो बोर्ड मेला, त्याचा नोकर अजून रोज उठून धन्याला शोधत होता, आणि धनी सापडत नाही म्हणून तिथेच उभा राहत होता. उडवलेली फाइल मी परत जागेवर ठेवली. आता या ड्रायव्हरला दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावरून बंद करायचं होतं, पण तिथे यूएसबीचा कीबोर्ड चालेना. गोल पिनेचा जुना कीबोर्ड हवा होता.

“काकांना बोलवा,” मी मालकाला म्हटलं. “जुनं सामान कुठे आहे ते त्यांनाच माहीत.”

काका आले, माळ्यावर चढले आणि पाच मिनिटांत कीबोर्ड घेऊन आले. माझ्या हातात दिला आणि दोन हात लांब, पाठीमागे हात बांधून उभे राहिले. शिवायचं नाही असं सांगितलंय, हे त्या उभं राहण्यात दिसत होतं. मला विचारल्याशिवाय राहवेना.

“काका, कुंकू तुम्ही नेहमी त्या जोडावरच लावता?”

“व्हय. माजा बाप होडीला सांध्यावरच लावायचा, फल्यांच्या. सांधा टिकला तं होडी टिकली.” मग थोडं थांबून म्हणाले, “पानी नाय जात त्यातून, सर. मी घट्ट कालवतो.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. एवढंच म्हटलं. तिथे आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं, ते तोंडातून निघालं नाही.

ड्रायव्हर बंद केला. पट्टी सरकली, थांबायच्या जागी आली आणि पुढे गेली. हिरवी टेकडी उगवली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तेव्हा कुठे ते टेबलाशी गेले. सुरीने पहिला नमुना कापला. मालक बाहेर आला, टेबलाच्या पत्र्यावर थाप मारली, “वा,” म्हणाला, आणि त्याच दमात, “आता तो रिपोर्ट देऊन टाका.”

तो थंड झाला नव्हता. केबिनमध्ये त्याने माझा मेंटेनन्सचा तक्ता काढून ठेवला होता. “हे बघा, दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी तुम्ही स्वतः उघडून तपासलंय. सगळं ओके. मग पंधरा दिवसांत बोर्ड जातो कसा? पूजेनेच ना?”

माझीच सही होती. काकांच्या विरुद्धचा अख्खा पुरावा माझ्या हस्ताक्षरात होता, तीन वर्षांचा, तारीखवार. वयोमानाने बोर्ड गेला असं लिहायचं मी ठरवलं होतं, पण तेही त्या तक्त्यापुढे टिकत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोरालाच सुळीचा कागद लिहायला बसवला होता.

खिशातून खपली काढून मी टेबलावर ठेवली. तीन थर दाखवले. सांगितलं की हे झाकण मी तीन वर्षांत एकदाही उघडलं नाही. तक्त्यातल्या खुणा खोट्या आहेत. आत भुसा साचला, पंखा जाम झाला, त्याने बोर्ड गेला. मी उघडलं असतं तर वाचला असता. हे कंत्राट गेलं हे मी धरून चाललो होतो.

मालक खपलीकडे बघत राहिला. मग हसला. मोकळेपणाने, मांडीवर थाप मारून.

“एवढंच ना? अहो, उघडून कोण करतं? माझा एसीवाला पण नुसती जाळी धुतो. तुम्ही आपलेच आहात हो, टेन्शन नका घेऊ.” त्याने चहा सांगितला. मग आठवण झाल्यासारखं दाराकडे बघून म्हणाला, “मग त्याला राहू दे. चालवू दे मशीन.”

चहा सांगितला त्याच आवाजात. ज्याने काही केलं नव्हतं त्याला चिमूटभर कुंकवासाठी बाहेर काढायचं होतं, आणि ज्याने तीन वर्षं खोटं लिहिलं त्याला चहा, कारण तो ‘आपला’. त्याने मला हाकललं असतं तर मी जास्त ताठ मानेने बाहेर पडलो असतो. तो चहा मी प्यायलो.

बाहेर काका टेबल पुसत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या तोंडाने. ते फडकं फिरवत राहिले.

“मना ठाऊक व्हतं,” ते म्हणाले.

“काय?”

“तुमी झाकन खोलत नाय ते. मी बगायचो ना दर दसऱ्याला, कुकू फुटलाय का. नाय फुटलेला. मंग त्याच्यावरच लावायचो.”

“मग मालकांना सांगितलं का नाहीत? त्या दिवशी सांगितलं असतंत तरी सुटला असतात.”

“तुमचा पन प्वाट हाय त्याच्यावर.” त्यांनी फडकं झटकलं. भुसा उडाला. “आनि वाटायचा, पुढल्या टायमाला खोलतील.”

तीन वर्षं एक माणूस माझ्याबद्दल दर दसऱ्याला तेवढी आशा ठेवून होता, आणि मी जाळीतून वारा मारून निघून जात होतो.

ते मेंटेनन्स अजून माझ्याकडेच आहे. यंदा दसऱ्यानंतर गेलो, तेव्हा सानपाड्याहून आणलेल्या डब्याच्या जोडावरही कुंकवाचं आडवं बोट ओढलेलं होतं, ताजं, लाल. मी पेचकस लावला, झाकण ओढलं, ते फुटलं. भुसा काढला, पंखा पुसला, झाकण परत लावलं. काका दोन हात लांब उभे होते. मी तक्ता काढला आणि पेनासाठी खिसा चाचपायला लागलो. त्यांनी आधी वाकून तुटलेल्या जोडाकडे पाहिलं, आणि मग आपल्या खिशातलं पेन माझ्यापुढे धरलं.